तिसऱ्या दारावरची मेरीमाता

संत जोसेफाच्या पंगतीला मेरीमाता कुठून आणायची, हा प्रश्न कालामियांच्या घरात आजवर कुणाला पडला नव्हता. त्या दिवशी मेरीमाता व्हायला गरीब, गरजू आणि त्यातल्या त्यात सोज्वळ दिसणाऱ्या मुलींची न्यू ऑर्लिन्सच्या त्या सिसिलियन गल्ल्यांत काय वाण? म्हणून निन्फा सकाळी "मेरीमातेचं मी बघते" म्हणाली, तेव्हा तिच्या आईने, व्हिन्चेन्झाने, मानसुद्धा वर केली नाही. तिचे हात अंजिराच्या सारणात होते आणि जीव नवसात. पोरगी बऱ्याच दिवसांनी आपणहून कामाचं काही बोलतेय, एवढंच तिच्या लक्षात आलं आणि तिला बरं वाटलं. बिचारी.

नवस गास्पारेसाठी होता. मागच्या हिवाळ्यात निन्फाचा बाप न्यूमोनियाने असा आडवा झाला की पाद्र्याने कपाळाला शेवटचं तेलसुद्धा लावून टाकलं. तेव्हा व्हिन्चेन्झाने संत जोसेफाला सांगितलं, हा उठून बसला तर तुझ्या सणाला पंगत घालीन, दाराशी येईल त्याला जेवू घालीन, एकालाही परत पाठवणार नाही. गास्पारे उठून बसला. बसल्याबसल्या त्याने पहिली वाइन मागितली. व्हिन्चेन्झाला तेव्हाच वाटलं होतं की संताने जरा घाई केली.

तर आता वरच्या मोठ्या खोलीत तीन पायऱ्यांची वेदी सजली होती. वर संताचा पुतळा, संत सुतार म्हणून खाली करवत, शिडी आणि हातोड्याच्या आकाराचे पाव, आर्टिचोकची भरलेली बोंडं, तळलेला फ्लॉवर, मासे, बडीशेपेच्या पाल्यातला पास्ता आणि त्यावर सुताराच्या भुशासारखा भाजलेल्या पावाचा चुरा. उपवासाचे दिवस, मांस औषधालासुद्धा नाही. वाइन मात्र होती, कारण वाइनशिवाय पंगत म्हणजे संताला पाण्यावर बसवणं. दारूबंदीला सहा वर्षं होऊन गेली होती, पण हे वॉशिंग्टनच्या लोकांनी संत जोसेफाला कळवलेलं नव्हतं.

निन्फाचं दुखणं वेगळं होतं. तिच्या दुखण्याचं नाव लुएला.

लुएला उत्तरेकडच्या मिंडन गावची. घराणं बॅप्टिस्ट, दारूला न शिवणारं आणि मेरीमातेपुढे न वाकणारं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी, केस कानापर्यंत कापलेले, आणि हसणं असं की दोन गल्ल्यांपलीकडची माणसं आपण काय गमावलं म्हणून खिडकीत यायची. दोन वर्षांपूर्वी ती कालामियांच्या वाणसामानाच्या दुकानात आली, खारवलेलं ऑलिव्ह द्राक्ष समजून तोंडात टाकलं आणि नेमकं गास्पारेच्या बुटावर थुंकली. मग हसत सुटली. गल्ल्यावर निन्फा बसली होती. निन्फा म्हणजे गुडघ्यापर्यंत वेणी, हातात जपमाळ, आणि हसू आलंच तर ओढणीचं टोक तोंडात. त्या दिवशी ओढणी कमी पडली.

त्यानंतर दोघींना एकमेकींवाचून सुचेना. एखाद्या रविवारी लुएला दुसऱ्या कुणाबरोबर नाचायला गेली की निन्फाला उलट्या व्हायच्या. निन्फा बेकरीवाल्याच्या मुलीशी हसून बोलली की लुएला आठवडाभर तोंड फिरवून जायची, आणि आठव्या दिवशी खिडकीखाली उभी राहून सिसिलियन शिव्या द्यायची. त्या शिव्या तिला निन्फानेच शिकवल्या होत्या, अर्थ न सांगता. निन्फाच्या उशीखाली बिस्किटांचा एक डबा होता. त्यात लुएलाच्या केसांच्या पिना, एक तुटलेलं बटण आणि ओठांचा रंग लागलेली सिगरेटची थोटकं. पेपामावशीने लवंगा शोधताना तो उघडला आणि छातीवर क्रूस केला. "ही मैत्री नव्हे," ती बहिणीला म्हणाली, "पोरीला झपाटलंय."

इथपर्यंतही घराने कानाडोळा केला असता. पण लुएलाचा थोरला भाऊ हार्लन दारूबंदी खात्यात होता. आणि तीन आठवड्यांपूर्वी त्याने व्हिन्चेन्झाच्या भावाच्या, नोफ्रिओमामाच्या, कोठारावर धाड घातली. पिंपं रस्त्यावर आणून कुऱ्हाडीने फोडली. गटारातून लाल वाइन वाहिली, रॅम्पार्ट स्ट्रीटची कुत्री झिंगली आणि नोफ्रिओमामा फुटपाथवर बसून आईच्या मयताला रडला नव्हता इतका रडला. चहाडी कुणी केली हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. लुएलाला दार बंद झालं. निन्फाला तर घराबाहेर पडणंच बंद झालं.

मग दुकानातला टेलिफोन वाजायला लागला. गास्पारेने उचलला की एक गोड आवाज विचारी, "पोपसाहेब आहेत का?" गास्पारे शिव्या देऊन ठेवी. तासाभराने पुन्हा. तराजूशी उभ्या निन्फाचा चेहरा उजळायचा आणि ती गिऱ्हाइकाला शेंगदाणे जास्त मापून द्यायची. एकदा बाप मिठाच्या पोत्यांत अडकलेला असताना तिने स्वतः उचलला. दोघी फक्त एकमेकींचा श्वास ऐकत राहिल्या. मग निन्फा म्हणाली, "संत जोसेफाच्या दिवशी कुणालाच परत पाठवत नाहीत." पलीकडून लुएला म्हणाली, "मग मी येते."

नोफ्रिओमामाने वाइनचं दुःख बाजूला ठेवून भाचीसाठी स्थळ आणलं होतं. कालोजेरो, विधुर, इंडिपेंडन्स नावाच्या गावाला स्ट्रॉबेरीचा मळा, मिशा कलप लावलेल्या, माणूस भला. लग्न झालं की निन्फा शहरापासून पार लांब चिखलात वाकून स्ट्रॉबेऱ्या तोडणार आणि झपाटलेपण आपोआप उतरणार, असा हिशेब. पंगत आटोपली की बोलणी जाहीर. कालोजेरो सकाळपासूनच येऊन बसला होता आणि वेदीवरच्या आर्टिचोकांकडे नजर लावून होता.

पेपामावशीने निन्फाला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ओढलं. "वेदीवरचं लिंबू चोर. कुणी बघता कामा नये. वर्षाच्या आत लग्न होतं."

"मावशी, तू दरवर्षी चोरतेस."

"म्हणून तर सांगते. मला अनुभव आहे," मावशी म्हणाली. तिच्या बाहीत यंदाचं लिंबू आधीच जाऊन बसलं होतं.

दुपारी मिरवणूक निघाली, आणि तेवढ्यापुरती निन्फालाही बाहेर पडायची मोकळीक मिळाली. जोसेफ झाला होता तानो, झाडूविक्या म्हातारा, दोन्ही कानांनी ठार बहिरा. बाळ येशू चांभाराची धाकटी मुलगी, कारण गल्लीतल्या मुलग्यांना गालगुंड झालं होतं. आणि मेरीमाता म्हणजे नखशिखान्त निळ्या चादरीत गुंडाळलेली, नाकापर्यंत पदर, मान खाली. निन्फाने सांगितलं, जोगिणींच्या आश्रमातली अनाथ मुलगी आहे, फार लाजते, बोलत नाही. ते ऐकून व्हिन्चेन्झाला भरून आलं.

रिवाज ठरलेला, येशूच्या जन्मावेळी मेरी-जोसेफाला आसऱ्यासाठी दारोदार फिरावं लागलं त्याची आठवण. पहिल्या दारावर ठोठावायचं, आतून कुणीतरी ओरडायचं, कोण आहे, जागा नाही, चालते व्हा. दुसऱ्या दारावर तेच. तिसरं दार नवस करणाराचं, ते उघडतं. पहिल्या दारावर न्हाव्याने ठरल्याप्रमाणे हाकललं. दुसऱ्या दारावर बेकरीवाल्याच्या मुलीने जरा जास्तच रंगून हाकललं, आणि मेरीमातेच्या पदराखालून एक अस्सल सिसिलियन शिवी बाहेर पडली. म्हाताऱ्या तानोला ऐकू येत नव्हतं हे देवाचे उपकार. निन्फाने मागून तिला चिमटा काढला. तीन आठवड्यांनी तिचा हात लुएलाच्या दंडाला लागत होता. चिमटा काढून झाल्यावरही तो तिथेच राहिला.

तिसरं दार उघडलं. गास्पारे आणि व्हिन्चेन्झा गुडघ्यांवर होते, मागे नातेवाईक, त्यांच्या मागे सगळी गल्ली. तिघांना वेदीसमोर खुर्च्यांवर बसवलं. पाण्याचं घंगाळ आलं. गास्पारेने तिघांचे पाय धुतले, नवऱ्याचा जीव वाचला म्हणून व्हिन्चेन्झाने ते डोळ्यांतल्या पाण्याने पुन्हा धुतले, आणि घरात वयाने मोठा म्हणून पायांचं चुंबन घ्यायचा मान नोफ्रिओमामाला मिळाला. जोसेफाच्या पायाचं त्याने श्वास रोखून घेतलं. मग मेरीमातेच्या गोऱ्या पावलावर वाकला. मामाच्या मिशा म्हणजे दाढीच्या ब्रशला लाजवतील अशा. त्या तळव्याला लागल्या मात्र, मेरीमाता खदखदून हसली.

ते हसणं गल्लीत कुणाला ओळखू येणार नव्हतं? पदर सरकला, कापलेले केस बाहेर आले. नोफ्रिओमामा तसाच वाकलेला राहिला. हातातलं पाऊल टाकावं की धरावं हे त्याला कळेना.

मग जो गदारोळ उडाला त्यात कोण काय बोलत होतं हे त्यांचं त्यांना ठाऊक. पेपामावशी म्हणाली की बॅप्टिस्ट पोरगी मेरीमाता होणं म्हणजे छप्पर कोसळण्याची लक्षणं. कालोजेरो म्हणाला की जेवण निवतंय. नोफ्रिओमामा ओठ पुसत म्हणत होता की जिने माझी पिंपं फोडवली तिचे पाय चाटायला लावलेत, आत्ताच्या आत्ता हाकला हिला. गास्पारेने लुएलाचा दंड धरला. निन्फा मध्ये जाऊन उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा ती बापाच्या वाटेत उभी राहत होती.

"हिला बाहेर काढलंत तर नवस मोडला," ती म्हणाली. "आई, तू बोललीस. एकालाही परत पाठवणार नाही."

सगळे व्हिन्चेन्झाकडे बघू लागले. व्हिन्चेन्झाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. पोरीने आपल्याला आपल्याच नवसात बांधून ठेवलं, हे तिला लखलखीत दिसत होतं. पण समोर नवरा उभा होता, जिवंत, लालबुंद, ओरडता येण्याइतका धडधाकट. संताने एका हाताने दिलं ते दुसऱ्या हाताने न्यायला त्याला किती वेळ लागणार?

"सोडा तिला," ती नवऱ्याला म्हणाली. "पाय धुतले, चुंबन झालं. जेवण संपेपर्यंत ती मेरीमाता. संपलं की तिला मी बघते."

पंगत सुरू झाली. एकेक पदार्थ तिघांपुढे यायचा, तिघांनी घास घेतला की मंडळी संताचा जयजयकार करायची. मात्र आज आवाजात दम नव्हता. लुएला उपाशी असल्यासारखी जेवत होती. आर्टिचोकच्या पाकळ्या दातांनी ओरबाडत तिने नोफ्रिओमामाकडे पाहिलं आणि सरळ म्हणाली, "हो, मीच सांगितलं हार्लनला."

घास घेतलेले हात थांबले.  तीन आठवडे निन्फाने उशीत तोंड खुपसून सगळ्यांना सांगितलं होतं की लुएला असं करणार नाही.

"त्याच्याकडे पत्ता आलेला होता," लुएला म्हणाली, "पण तो तुमचा नव्हता, मामा. इथला होता. डेकेटर स्ट्रीट, कालामियांचं दुकान, अंगणातली टाकी. कुणी दिला मला माहीत नाही. मी म्हटलं, चुकीची बातमी आहे, माल रॅम्पार्ट स्ट्रीटला आहे. कुणाचं तरी घर द्यायलाच लागणार होतं. मी हे दिलं नाही."

अंगणातली टाकी म्हणजे जुन्या काळची पावसाच्या पाण्याची, सुरूच्या फळ्यांची, दुसऱ्या मजल्याला टेकणारी. नळाचं पाणी आल्यापासून त्या टाक्या बहुतेकांनी मोडून जळणात घातल्या. गास्पारेने मोडली नाही. दर हिवाळ्यात ती कॅलिफोर्नियाच्या द्राक्षांच्या वाइनने भरायची, आणि धाडीतून वाचलेली नोफ्रिओमामाची वाइनही आता तीतच होती. म्हणजे एका टाकीत दोन घरांचा माल आणि चार घरांची भांडणं.

नोफ्रिओमामाला अर्थ लागायला वेळ लागला. लागला तेव्हा त्याने बहिणीच्या नवऱ्याकडे मान वळवली. "म्हणजे तुझी टाकी वाचावी म्हणून माझी पिंपं गटारात गेली."

"मी काय सांगितलं होतं तिला?" गास्पारे म्हणाला. पण त्याचा आवाज आता लोण्यासारखा झाला होता, आणि बोलता बोलता त्याने भाजीची थाळी लुएलाकडे सरकवली. मामाने ते पाहिलं. आता मामा एकीकडे आणि गास्पारे दुसरीकडे झाला. व्हिन्चेन्झा मध्ये सापडली, भाऊ सोडवेना आणि टाकीही सोडवेना. निन्फाला मात्र लाज वाटायला हवी होती ती वाटत नव्हती. लुएलाने मामाचं घर बुडवून आपलं घर वाचवलं होतं, कारण त्यात आपण होतो. तिला इतका आनंद झाला की तिने वेदीला हात टेकून स्वतःला सावरलं. संतासमोर असा आनंद होणं हे पाप होतं. शनिवारी कबुलीजबाबात पाद्र्याला सांगायचं नाही, हे तिने तिथल्या तिथे ठरवलं.

तेवढ्यात दार वाजलं.

चौथ्यांदा दार वाजण्याचा काही रिवाज नव्हता. दारात हार्लन उभा होता, उंच, शेलाटा, टोपी हातात. लुएलाच्या घरमालकिणीने त्याला सांगितलं होतं की त्याची बहीण निळी चादर गुंडाळून इकडे आली. अंगणातून येताना त्याला टाकीचं ठिबकणं दिसलं असणार, कारण त्याच्या बुटाच्या टोकाला लाल डाग होता. तो एकटाच होता. त्याने बहिणीला पाहिलं, म्हणजे मेरीमातेच्या वेशात, डाव्या हाताला झाडूविक्या, उजव्या हाताला बाळ येशू आणि पुढ्यात वाइनचा पेला. मिंडनच्या बॅप्टिस्ट देवळात लहानपणी दोघांनी हात वर करून दारू न पिण्याची शपथ घेतली होती. लुएलाने त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून पेला उचलला आणि रिकामा केला.

हार्लन ओरडला नाही. तो अवघडून, अदबीने बोलला. आज आपण कामावर नाही. बहिणीला न्यायला आलो. संध्याकाळच्या गाडीने ती आईकडे मिंडनला जाईल आणि तिथेच राहील. "ती निमूट आली तर खाली अंगणात मी काही पाहिलं नाही," तो गास्पारेला म्हणाला. "नाही आली, तर कोपऱ्यावर टेलिफोन आहे."

त्यासरशी वारं असं फिरलं की विचारू नका. एकमेकांची तोंडं न पाहणारे गास्पारे आणि नोफ्रिओमामा एका सुरात म्हणाले की मुलीची जागा आईपाशीच असते. पेपामावशी लगेच अंजिराच्या करंज्या कागदात बांधायला लागली, गाडीत खायला. कालोजेरो म्हणाला की मिंडनची हवा चांगली आहे. तो तिकडे कधी गेला नव्हता. निन्फाने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सगळ्यांत शेवटी लुएलाकडे.

लुएला टाकीचा विचार करत होती, गास्पारेचा आणि त्याच्या न्यूमोनियाचा. तिने मांडीवरचा रुमाल टेबलावर ठेवला. "ठीक आहे," ती म्हणाली. "जाते मी."

व्हिन्चेन्झाला त्या क्षणी पोरीची दया आली, आणि दया आली की ती वाढायला घ्यायची. "संतांचं जेवण अर्धं टाकून कुणी उठत नाही," ती म्हणाली. "आणि तूही बस रे बाबा. या दारातून आज उपाशी जायचं नाही. तुझा कायदा जेवणानंतर." हार्लनने नको म्हटलं. नको म्हणून व्हिन्चेन्झापुढे आजवर कुणाचं चाललं नव्हतं. त्याच्या गळ्यात रुमाल अडकला, पुढ्यात सार्डिनचा पास्ता आला, आणि पहिल्या घासाला त्याचा चेहरा असा झाला की पेपामावशीने दुसरी वाढणी आधीच उचलली.

निन्फा कधी उठली हे कुणी पाहिलं नाही.

अंगणात कुणीच नव्हतं. टाकीच्या बुडाशी मुठीएवढं लाकडी बूच होतं, चिंध्या गुंडाळून ठोकलेलं. शेजारी हातोडा नेहमीच्या जागी. निन्फाला त्या टाकीतलं सगळं ठाऊक होतं. द्राक्षं तिनेही तुडवली होती, बाप आजारी असताना फेस तिनेच काढला होता. ही वाइन म्हणजे घरचं वर्ष होतं. तिला हे कळत होतं आणि त्याने काही फरक पडत नव्हता. टाकी होती म्हणून हार्लनच्या शब्दाला किंमत होती. टाकी नसली की तो नुसता एक भाऊ, गळ्यात रुमाल अडकवलेला. ती बुचाला इकडून एक, तिकडून एक असे घाव घालत राहिली. घट्ट बसलं होतं. "निघ ना रे," ती त्याला म्हणाली आणि रडायला लागली. मग ते निघालं.

वाइनची धार तिच्या पोटावर आदळली आणि ती मागे पडली.

वर आधी वास पोहोचला. मग गल्लीतून आरोळी. जेवणासाठी रांगेत उभ्या असलेल्या लोकांच्या पायांखालून बोळातून लाल पाणी आलं होतं, आणि संत जोसेफ नवसाला पावतो असं ओरडत माणसं गुडघ्यांवर बसून टोप्या, बादल्या, ओंजळी भरत होती. सज्ज्यात सगळं घर येऊन उभं राहिलं. गास्पारेने कठडा धरला. नोफ्रिओमामाने दुसऱ्यांदा आपली वाइन गटारात जाताना पाहिली आणि या वेळी रडायलाही विसरला. कालोजेरोने क्रूस केला. तो मामाला हळूच म्हणाला की मुलगी गुणी आहे यात वादच नाही, पण आपल्याला जमायचं नाही. ज्या बाईचा हात असा सढळ, तिला मळा किती दिवस पुरणार? पेपामावशीने त्याला आधाराला हात दिला. बाहीतून लिंबू निसटून त्याच्या तळहातात पडलं. त्याने ते उगीचच खिशात टाकलं.

हार्लन खाली आला, त्याच्या मागोमाग लुएला. रिकाम्या होत आलेल्या टाकीकडे, गल्लीत गुडघ्यांवर बसलेल्या दोनशेक माणसांकडे आणि चिंब लाल झालेल्या निन्फाकडे त्याने पाहिलं. ती हातोडा घेऊन उभी होती.

"करा टेलिफोन," ती म्हणाली.

त्याने टोपी डोक्यावर ठेवली. अख्ख्या गल्लीला बेड्या घालायला त्याच्याकडे बेड्याही नव्हत्या आणि इतकं जेवल्यावर इच्छाही नव्हती. तो बहिणीजवळ गेला. आता त्याच्या आवाजात सरकार उरलं नव्हतं. "लू, आईला काय सांगू?" त्याने विचारलं.  त्याने वाट पाहिली, मग मान हलवली आणि बोळातून माणसांना बाजूला सारत निघून गेला. करंज्यांचं पुडकं त्याच्या बगलेत होतं.

गास्पारे जिना उतरून शेवटच्या पायरीवर बसला. टाकीतून आता नुसती करंगळीएवढी धार येत होती. त्याने पेला तिच्याखाली धरला, अर्धा प्यायला आणि उरलेला न बघता मागे केला. मागे नोफ्रिओमामा होता. त्याने तो घेतला. गास्पारे म्हणाला, "पुढच्या वर्षी द्राक्षं ही तुडवणार. एकटी." मग दोघे आपापले गुडघे धरून वर गेले.

अंगणात दोघी उरल्या. लुएलाच्या अनवाणी पायांना घोट्यापर्यंत वाइन लागली होती.

"तुला कुणी सांगितलं होतं हे करायला?" तिने विचारलं.

"कुणी नाही."

"मी आले असते परत. आईशी भांडले असते, खिडकीतून उडी मारली असती, पण चार दिवसांत आले असते."

"आणि नसतीस आलीस तर?"

 दोघींतली बेफाम आपण, असं लुएला दोन वर्षं समजत आली होती. ही वेणीवाली, ओढणीत हसणारी, आपल्या मागून मागून येणारी. एक्स्चेंजमधल्या मुलींना ती निन्फाच्या गोष्टी सांगायची, थोड्या लाडाने, थोड्या फुशारकीने. आता तिने त्या रिकाम्या टाकीकडे पाहिलं, हातोड्याकडे पाहिलं, आणि निन्फाच्या शांत, समाधानी चेहऱ्याकडे पाहिलं. तिच्या अंगावर काटा आला. भाऊ निघून गेला, आता मिंडनही उरलं नाही आणि या घराखेरीज दुसरं कुठलं दारही नाही, हे तिला कळलं. निन्फाला ते हातोडा उचलतानाच कळलेलं होतं.

वरून व्हिन्चेन्झाची हाक आली. आवाज रडून बसला होता, पण नवस तो नवस. "मेरीमाते, फ्लॉवर निवतोय. तुझं झाल्याशिवाय कुणाला जेवता येत नाही. चल वर."

लुएला जिन्याकडे वळली. चादरीचा सोगा वाइनमध्ये लोळत होता. निन्फाने हातोडा त्याच्या नेहमीच्या जागी ठेवला, वाकून तो सोगा उचलला, पिळला आणि हाताला गुंडाळून घेतला. पायऱ्या कोरड्या लागल्यावरही तिने तो सोडला नाही.